स्लॅबखालची डुलकी

रशीदचाचा,

परवा लातूरला तुम्हाला माती दिली तेव्हा मी कब्रस्तानात नव्हते. बायका तिथं जात नाहीत. मी तुमच्या घरी, पत्र्याच्या त्या खोलीत, चाचींजवळ बसले होते. तुमचा मुलगा सलीम परत आला, हातपाय धुऊन उंबऱ्यावर टेकला आणि मला म्हणाला, "ताई, कबरीची एक बाजू जराशी तिरपी खोदली होती. कॉन्ट्रॅक्टर बिराजदार अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, 'सरळ करा रे, न्हाईतर मिस्त्री उठून ओळंबा मागतील.'" रडणाऱ्या बायकांत एकीला हसू आलं, मग दुसरीला, मग खुद्द चाचींना. तुम्ही गेल्यावरही कामाच्या जागी तुमची दहशत टिकून आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून आधी हेच लिहिलं.

मला भाषणं जमत नाहीत. विभागातल्या शोकसभेत मी उभी राहिले, 'रशीद मिस्त्री हे उत्कृष्ट गवंडी होते' एवढं बोलले आणि बसले. नंतर वाटलं, हे वाक्य तुम्हाला लागूच पडत नाही. गवंडी स्वतः बांधलेल्या इमारतीत शिरतो तरी. तुम्ही शिरत नव्हता. लातूरच्या भूकंपानंतर इतकी वर्षं तुम्ही लोकांच्या डोक्यावर स्लॅब टाकत आलात आणि स्वतः एकाही स्लॅबखाली बसला नाहीत. जेवण कडुलिंबाखाली, चहा वाळूच्या ढिगावर, झोप अंगणातल्या बाजेवर. आपल्या विद्यापीठाची अभियांत्रिकीची नवी इमारत उभी राहत होती तेव्हा मी एकच हट्ट धरला होता, की तुम्हाला तिच्या छताखाली बसवायचं. त्या हट्टाचं पुढं काय झालं, यावर आपलं एकमत झालेलं नाही. वाद अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात. म्हणून हे लिहिते आहे.

आपली पहिली भेट आठवली की मला अजून ते दोन गुण आठवतात. मी बारावीला होते. चाकूरहून लातूरला क्लाससाठी येऊन राहिले होते. चाकूरला वडिलांची पिठाची गिरणी. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं, आणि दळण न्यायला येणारी प्रत्येक बाई "पोरगी डाक्टर होऊन राहिली म्हणं" असं म्हणून डबा उचलायची. लातुरात तेव्हा क्लास इतक्या वेगानं वाढत होते की इमारत पुरी व्हायची वाट कुणी बघत नव्हतं. आमचा भौतिकशास्त्राचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरायचा आणि वर तिसरा मजला चढत होता. खाली आम्हाला गुरुत्वाकर्षण शिकवायचे आणि वर त्याच्या प्रात्यक्षिकाची तयारी चालू असायची.

एका सकाळी तुम्ही जिन्यात येऊन उभे राहिलात. आत नाही, चौकटीच्या बाहेर. डोक्याला रुमाल, हातात थापी.

"सर, वर माल टाकायला सुरू करून राहिलो. पोरं बाहेर काढा."

"मिस्त्री, पोर्शन राहिलाय. सोमवारी टेस्ट आहे."

"माझ्या टेकूच्या सगळ्या बल्ल्या तुमच्या छतावर उभ्या हायत. त्यांची टेस्ट आजच हाय."

सर फळ्याकडं वळले. दोनशे मुलं मान खाली घालून लिहीत राहिली. तुम्ही आवाज चढवलात, "बाहेर निघा रे! जीव हाय का न्हाई कुणाला?" आणि दोनशेंतून एकटी मी उठले. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं. भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. आमच्या घराला नुसत्या भेगा गेल्या होत्या, तरी आम्ही कितीतरी महिने गिरणीसमोर ताडपत्रीखाली काढले. मोठ्या माणसानं 'बाहेर' म्हटलं की तेव्हापासून माझे पाय मला न विचारता उठतात.

"कुठली गं तू?" तुम्ही विचारलं.

"चाकूरची."

"मग तुला कळते. बस वाळूवर."

तासभर मी वाळूवर बसले आणि तुम्ही येता-जाता मला काडीनं रेघा ओढून दाखवत राहिलात. ओझं वरून येतं पण तडा खालून जातो, म्हणून लोखंड खालच्या अंगाला. मला ते इतकं आवडलं की मी त्या तासाचं कुणाच्या वहीतून उतरवूनसुद्धा घेतलं नाही. त्या तासाला सरांनी जे शिकवलं, नेमका त्यावरच परीक्षेत प्रश्न आला. माझा तो गेला, दोन गुणांनी डॉक्टरकी हुकली आणि मी स्थापत्य अभियांत्रिकीला गेले. छत काही पडलं नाही. बाकीची एकशे नव्व्याण्णव मुलं सुखरूप राहिली, आणि त्यांतली बरीचशी आज डॉक्टर आहेत.

हे सगळं मी तुम्हाला ऐकवलं ते पुष्कळ वर्षांनी, नांदेडला. मी प्राध्यापक झाले होते. आमचा विभाग तोवर एका जुन्या गोदामात भरत होता. पावसाळ्यात पत्रा असा वाजायचा की काँक्रीटचे फायदे मला ओरडून सांगावे लागत. नवी इमारत मंजूर झाली आणि बांधकाम समितीत विभागातर्फे मला घातलं, कारण मीटिंगला वेळेवर येणारी मी एकटीच होते. कॉन्ट्रॅक्टर लातूरचे बिराजदार अप्पा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात दोन फोन. त्यांनी आपला मिस्त्री लातूरहून आणला होता. मी हेल्मेट घालून तुमच्यापुढं उभी राहिले आणि म्हणाले, "चाचा, तुमच्यामुळं मी डॉक्टर झाले नाही."

तुम्ही मला वरून खालपर्यंत न्याहाळलंत. "तू ती वाळूवरची." मग कामाकडं वळून म्हणालात, "बरं झालं. लातुरात गल्लीला दोन डाक्टर हायत. रिंगा बघणारं कुणी न्हाई."

चाचा, मी पदवी घेतली, पदव्युत्तर घेतली, पण रिंगा बघायला तुम्ही शिकवलंत. कॉलमच्या उभ्या गजांना बांधायच्या त्या लोखंडी रिंगा. भूकंपानंतर नवीन गावं बसवताना तुम्हाला कुणी तरी शिकवलं होतं की रिंगेचं टोक आतल्या अंगाला वाकवायचं, म्हणजे हादरा बसला तरी ती उलगडत नाही. तुम्ही त्याला 'शेपटी' म्हणायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत साइटवर एकच आरोळी, "शेपटी आत!" माझ्या विद्यार्थ्यांना मी साइटवर आणायची तर ती मुलंही तेच ओरडायला लागली. एकानं परीक्षेत आकृती काढून रिंगेच्या टोकाला बाण केला आणि लिहिलं 'शेपटी'. पेपर इंग्रजीतला, उत्तर देवनागरीत. मी पूर्ण गुण दिले.

पण तुमचा खरा कायदा निराळाच होता. तळमजल्याचा स्लॅब पुरेसा मुरला आणि सेंट्रिंग खोलायचा दिवस आला, तेव्हा तो आम्हाला कळला. तुम्ही सगळं काम थांबवलंत आणि विचारलंत, "नकाशावर सही कोणाकोणाची हाय?"

कुणालाच काही कळेना.

"ज्यानं सही केली त्यानं खाली उभं राहायचं. मग बल्ल्या काढतो. माझा तसा रिवाज हाय."

पुण्याचे आर्किटेक्ट होते, त्यांना अचानक फोन आला आणि तो बोलत बोलत ते फाटकाबाहेर गेले. आमच्या विभागप्रमुखांनी रक्तदाबाचं कारण सांगितलं. उरलो मी आणि बिराजदार अप्पा. (हे कोणत्याही नियमात बसत नाही, आणि विद्यार्थ्यांनी असं अजिबात करू नये. मी वर्गात दरवर्षी सांगते.) अप्पा हेल्मेटवर आणखी एक घमेलं उपडं धरून उभे राहिले. तुम्ही बाहेरून ओरडलात, "घमेलं खाली ठेवा अप्पा! भरोसा सिमेंटवर हाय का घमेल्यावर?"

"मिस्त्री, सिमेंटवर हाय. तुमच्या लोकांनी वर काय खाल्लं प्यायलं त्यावर न्हाई!"

बल्ल्या एकेक करून निघाल्या. अप्पा डोळे मिटून पुटपुटत होते. स्लॅब हलला नाही. मी वर बघितलं, तो राखी रंगाचा, फळ्यांचे वण उमटलेला, ओलसर वासाचा स्लॅब, आणि माझ्या मनात आलं की घराण्यातली मी पहिली, जिच्या सहीवर एवढं ओझं उभं आहे. गिरणीवर हे कसं सांगायचं, तेही लगेच मनात आलं. मी तुम्हाला हाक मारली, "चाचा, आत या. बघा तरी!"

"मी सही कुठं केली?"

दुसऱ्या मजल्याच्या वेळी मी तयारीनं आले. नकाशा तुमच्यापुढं पसरला, पेन दिलं आणि म्हटलं, "करा सही." तुम्ही म्हणालात, "चष्मा घरी हाय." चष्मा तुमच्या नाकावर होता. मी हसले. तुम्ही हसला नाहीत. पेनाचं टोपण लावलंत, ते माझ्या हातात दिलंत आणि कडुलिंबाखाली जाऊन बसलात. मीही मागून गेले. तिथं तुम्ही जे सांगितलंत, ते एकदाच. त्याआधीही नाही, त्यानंतरही नाही.

तुमची धाकटी बहीण, जुबेदा. औशाकडच्या गावात तिला दिलेली. दगडमातीचं घर, वर माळवद, लाकडावर पसरलेल्या मातीचं छप्पर. ते गळू नये म्हणून तुम्ही दर उन्हाळ्यात आठवडाभर कामं बंद करून तिच्याकडं जायचा आणि पांढऱ्या मातीचा एक नवा थर चढवून, धोपटून यायचा.

"ती म्हणायची, भाई, बास झालं. मी म्हणायचो, आणखी एक. सोळा वर्षं, बेटा. दरसाल एक थर." तुम्ही जमिनीवरची माती चिमटीत धरली होती. "छप्पर कधी एक थेंब गळलं न्हाई. एक थेंब."

 माझ्या हातात पेन होतं, ते मी उगाच उघडलं आणि बंद केलं. आमच्याकडं घरोघर तेच करत होते, तुम्ही एकट्यानं नाही, असं मी म्हणायला हवं होतं. दरसालच्या मातीनं छपराचं वजन किती वाढलं आणि हादऱ्यात ते खाली झोपलेल्यांवर येईल, हे तेव्हा कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं, असंही म्हणायला हवं होतं. मी अभियंता आहे, मला तेवढं नक्की माहीत होतं.  तेवढ्यात पलीकडं एकानं रिंग उलटी बांधली आणि तुम्ही बसल्या जागेवरून ओरडलात, "शेपटी आत रे, हैवान!" मला इतकं हायसं वाटलं की मीही ओरडले, "आत!"

त्यानंतर मी सहीचा विषय काढला नाही. हट्ट मात्र सोडला नव्हता. इमारत पुरी झाली, उद्घाटनाचा सोहळा ठरला, आणि मी मीटिंगमध्ये तीन वेळा म्हणाले की कार्यक्रम नव्या सभागृहात घ्या. मनात तुम्ही होता, तोंडानं मी 'आवाज चांगला घुमतो' असं सांगत होते. पण पाहुणे फार, सभागृह लहान, म्हणून बाहेर मांडव ठरला. सगळ्यांत जास्त आनंद तुम्हाला झाला.

"कापडाखाली बसतो की मी! पडलं तर पांघरूण होईल."

त्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा पांढरा पायजमा आणि नवी टोपी घालून आलात. कोनशिलेवर कुलगुरूंपासून आर्किटेक्टपर्यंत सगळ्यांची नावं होती, तुमचं नव्हतं. मला ते लागलं होतं. तुम्ही शिलेपुढं बराच वेळ उभे राहिलात, म्हणून मी घाबरत जवळ आले. तुम्ही म्हणालात, "एक सूत वाकडी बसवली. माझं नाव न्हाई ते बरं हाय, लोक म्हणले असते मीच बसवली." मग मांडवाच्या शेवटच्या रांगेत, माझ्या आईशेजारची खुर्ची धरून बसलात. आई चाकूरहून आली होती. तिला कळत नव्हतं की मुलीनं बांधलेल्या घराबाहेर तिला का बसवलंय.

उन्हाळा होता. कुलगुरूंचं स्वागत झालं, गुच्छ झाले, प्रमुख पाहुणे माइकपाशी आले आणि त्यांनी 'आज या ठिकाणी' एवढं म्हटलं, तोच मैदानातून वावटळ उठली. आधी गुच्छ उडाले, मग टेबलावरचं कापड, आणि मग मांडवाचे खांब एकामागून एक जमीन सोडायला लागले. कनात आर्किटेक्टांवर पडली. लोक कुठंही पळत होते, कुणी झाडाकडं, कुणी गाड्यांकडं. आणि त्या धुळीत एकच आवाज वर आला, जो मी बारावीला ऐकला होता, फक्त शब्द उलटे होते.

"आत चला! आत! इमारतीत शिरा रे सगळे! पक्की हाय, आत चला!"

तुम्ही एका हातानं माझ्या आईचं मनगट धरलं होतं, दुसऱ्या हातानं प्रमुख पाहुण्यांची पाठ ढकलत होता. सगळ्यांना दारातून आत घातलंत आणि शेवटी आईबरोबर स्वतः आत आलात. वारा उतरला. लोक कपडे झटकत होते. तुम्ही सभागृहाच्या मधोमध उभे होता. तेव्हा तुमच्या लक्षात आलं. तुम्ही मान वर केलीत आणि स्लॅबकडं बघत राहिलात. मी दहा पावलांवर होते.  बोलले असते तर तुम्ही बाहेर गेला असता.

आई म्हणाली, "बसा की भाऊ. किती वेळ उभे राहता?"

तुम्ही बसलात. शेवटच्या बाकावर, आईशेजारी.

कार्यक्रम आतच सुरू झाला. प्रमुख पाहुण्यांनी 'आज या ठिकाणी'पासून पुन्हा सुरुवात केली आणि ते तासभर बोलले. आवाज खरंच चांगला घुमत होता. विसाव्या मिनिटाला त्यात दुसरा आवाज मिसळला. आधी बारीक, मग वाळू चाळल्यासारखा, मग मिक्सर फिरावा तसा. लोक मागं वळून बघायला लागले. विद्यार्थी हसले. विभागप्रमुख तुम्हाला उठवायला निघाले, तर मी त्यांच्या बाहीला धरलं. त्याआधी आयुष्यात मी कुठल्याही वरिष्ठांची बाही धरलेली नव्हती. "सर, राहू द्या," एवढंच म्हणाले. माझा चेहरा बघून ते परत जाऊन बसले. तुमचं डोकं माझ्या आईच्या खांद्यापर्यंत कललं होतं आणि आई भाषण ऐकत ताठ बसली होती, हलायचं नाही म्हणून.

नंतर चहाच्या वेळी मी म्हटलं, "चाचा, तुम्ही झोपला होतात."

"न्हाई. डोळे मिटून ऐकून राहिलो होतो."

"मग काय म्हणाले पाहुणे?"

"तेच म्हणाले, जे सगळे म्हणतात."

हे उत्तर बरोबर होतं. पण मी सोडलं नाही. दर ईदला तुमच्याकडं शीरखुर्मा प्यायला आले की तोच विषय, आणि दरवेळी तुमचं तेच, "ऐकून राहिलो होतो." दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हाही तुम्ही खाटेवर पडून छताकडं बघत होता. मला वाटलं, भीती वाटतेय. तुम्ही म्हणालात, "वर पाणी मुरून राहिलं. मिस्त्री कोण होता बघ बरं." मग माझ्याकडं वळून म्हणालात, "डाक्टर झाली असतीस तर आज मला इथून सोडवलं असतंस. चुकलंच माझं."

इतकी वर्षं मी ज्या कबुलीची वाट बघत होते, ती तुम्ही अशी सहज देऊन टाकलीत. मी म्हणायला हवं होतं की ते दोन गुण गेले म्हणून मला आयुष्य मिळालं, आणि पुन्हा तुम्ही जिन्यात आलात तर मी पुन्हा उठेन. मी म्हणाले, "संत्री आणलीत, सोलून देऊ का?"

परवा सगळे गेल्यावर चाचींनी मला थांबवलं. बाहेर अंगणात तुमची बाज तशीच होती.

"एक विचारते, बेटा. खरं सांग. त्या दिवशी ते झोपले होते का गं?"

"हाव, चाची."

"डोळे मिटून बसायची त्यांना लई सवय होती. मला बी तसंच फसवायचे. रात रात बाजेवर डोळे मिटून, पण जागे. भूकंपापासून."

"चाची, ते घोरत होते."

चाची माझ्याकडं बघतच राहिल्या. "घोरत होते?"

"लई. सगळं सभागृह ऐकत होतं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता रडतील. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मी तीस वर्षं त्यांचं घोरणं ऐकलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तरणेपणी लई घोरायचे. शेजारी भांडायला यायचे." मग पदर खाली घेऊन त्यांनी मला विचारलं, "ते भाषण देणारे कोण होते गं? त्यांना माझी दुवा कळव."

तेव्हा वाद मिटला, चाचा. तुम्ही झोपला होतात. साक्षीला चाची आहेत, त्यांच्यापुढं तुमचं चालणार नाही. आता प्रमुख पाहुण्यांना आभाराचं पत्र लिहायचं माझ्यावर आलं आहे. कागद पुढ्यात घेऊन दोन दिवस झाले. भाषणातलं नेमकं काय आवडलं, ते तुमच्याकडून विचारून घ्यायचं राहूनच गेलं.